दिवे लागल्यावर विरजण

“मग ओळखायचं तरी कसं, अक्का?”

शर्वरीनं हे विचारलं तेव्हा ती अजून उंबऱ्यातच होती. एका हातात डबा, दुसऱ्या हातात छत्री. चपलाही काढायच्या राहिल्या होत्या.

मालूअक्का सोप्यात पाटावर बसून शेंगा फोडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“आधी आत तर ये.”

ती आत आली. बाकाच्या कडेवर टेकली.

“कोण सोडून जाणार, ते आधी कसं ओळखायचं? इतकी वर्षं तुम्ही मोठ्या माणसांचा वर्ग चालवलात. तुम्हाला कळत असणारच. सांगा की मला.”

कट्... शेंग फुटली. दाणे ताटलीत पडले.

“तुझा तर अभ्यास आहे त्यात,” अक्का म्हणाल्या.

हे टोचून म्हटलं की सरळ मनानं, ते अक्कांच्या बाबतीत कधीच कळायचं नाही.

अभ्यास होता खरा. एम.ए.ला शर्वरीनं प्रबंधच लिहिला होता त्यावर. शाळा अर्ध्यावर सुटलेली मोठी माणसं मुक्त विद्यापीठात जायची तयारी करू लागतात, आणि त्यातली कितीतरी प्रवेशाच्या आधीच का गळतात, यावर. परीक्षकांनी वाखाणला होता. लग्न होऊन ती नाशिकहून इचलकरंजीला आली तेव्हा तिच्या सामानात दोनच वस्तू जड होत्या, मिक्सर आणि तो प्रबंध. मिक्सर निदान रोज लागत होता.

वर्ग अक्कांचा. गल्लीच्या टोकाच्या समाजमंदिरात ऊन उतरलं की भरायचा, दिवे लागायच्या आत सुटायचा. अक्कांचे गुडघे बोलायला लागले, तेव्हा त्यांनी किल्ली शर्वरीच्या तळहातावर ठेवली. एक शब्द न बोलता.

शर्वरी मात्र बोलली होती. पहिल्याच आठवड्यात तिनं अक्कांना कोण कोण गळणार ते सांगून टाकलं. कुणी विचारलं नव्हतं.

रसूल नदाफ. यंत्रमाग दुरुस्त करणारा. रोज उशिरा येणार आणि आल्या आल्या कुणाशी तरी भांडणार.

सुनंदा. पहिल्या बाकावर बसणार आणि तिथंच झोपणार.

बापू चौगुले, गोदामावरचा रखवालदार. दर आठवड्याला उठून सांगणार, “बाई, ह्यो माजा शेवटचा तास.”

“आणि टिकणार कोण?” अक्कांनी तेव्हा विचारलं होतं.

“वैजयंता कबाडे. डोळे झाकून सांगते.”

अक्का त्यावर हसल्या होत्या का, हे आता शर्वरी आठवून बघत होती. आठवत नव्हतं.

रसूल अजून येत होता. भांडत होता. सुनंदा झोपत होती. बापूचा शेवटचा तास काही संपत नव्हता.

वैजयंता पंधरवडाभर फिरकली नव्हती.

“परीक्षा तोंडावर आलीय,” शर्वरी म्हणाली. “ही परीक्षा दिली तर तिला बी.ए.ला प्रवेश मिळेल. नाही बसली तर संपलं, अक्का. लहानपणी आई गेली म्हणून शाळा सुटली. लग्नानंतर बाहेरून दहावी करायला घेतली, तीही सुटली. तिनंच सांगितलंय मला. बाई, ही माझी शेवटची खेप. आता सुटलं तर परत मी अक्षराला शिवायची न्हाई.”

कट्...

“फोन केला. उचलत नाही. सुनंदाबरोबर निरोप धाडला. ‘बरं’ म्हणाली म्हणे. नुसतं ‘बरं’. मला माणसं ओळखता येत नाहीत, अक्का. एवढं मोठं पुस्तक लिहिलं मी त्यावर, आणि...”

तिनं हातातल्या वस्तू एकेक करून बाकावर मांडल्या. पर्समधून किल्ली काढली, तीही ठेवली.

“हे काय?”

“तुमचा डबा. थालीपिठं दिली होतीत तो. ही छत्री, त्या दिवशी दिलेली. आणि समाजमंदिराची किल्ली.”

डबा पितळेचा होता. तिनं चिंच लावून असा घासला होता की सोप्याची खिडकी त्यात उभीच्या उभी दिसत होती. रिकामा देऊ नये म्हणून आत साखर. कुणाचं काही अंगावर ठेवायचं नाही, हे शर्वरीच्या आईचं वळण. त्या वळणाचा तिला मनातून अभिमानही होता.

अक्कांनी हात पुढं केला नाही. टरफलं मांडीवर तशीच.

“किल्ली कशाला आणलीस?”

“कुणा चांगल्या माणसाला द्या. माझ्यानं नाही होणार. मी बहुतेक काही दिवस नाशिकला जाईन, आईकडे. परागही म्हणाला, जाऊन ये. शिवाय...”

शिवायच्या पुढं काही नव्हतं. तिनं शोधून पाहिलं.

पराग म्हणजे तिचा नवरा. कापडाच्या प्रोसेसिंगमध्ये नोकरी. दुसरी पाळी असली की तो दुपारी जायचा आणि ती झोपल्यावर यायचा. फ्लॅटमध्ये मागं उरायची ती, आणि खालच्या गल्लीतल्या मागांचा खडखडाट. सुरुवातीला त्या आवाजानं झोप लागत नसे. मग असं झालं, की वीज जाऊन माग थांबले की तिला जाग यायची. या गावाशी तिची ओळख काय ती एवढीच झाली होती. भांडी घासताना ती हल्ली कढईशी बोलायची. कढई बरी ऐकायची.

“वैजयंता शेवटची आली, त्या दिवशी काय झालं?” अक्कांनी विचारलं.

“काहीच नाही. उलट त्या दिवशी तर मला तिचं इतकं कौतुक वाटलं...”

“सांग.”

“वर्ग सुटल्यावर थांबली. सगळे जाईपर्यंत. मग माझं गणिताचं पुस्तक परत केलं. नवं कव्हर घालून आणलं होतं. कंपासपेटी दिली. त्यातल्या पेन्सिलीला टोकसुद्धा काढून ठेवलेलं. मी लोणचं दिलं होतं तो डबा दिला, घासूनपुसून, आत तिळाच्या वड्या. मग पाया पडायला वाकली. मी तिच्यापेक्षा लहान, मी मागं सरले. म्हणाली, बाई, तुमी लई केलासा माझ्यासाठी. नाहीतर बाकीचे बघा. रसूलनं माझं पेन नेलंय, द्यायचं नाव नाही. सुनंदाकडे माझी शाल आहे. बापू तर वर्गातला नकाशाच गुंडाळून घरी घेऊन गेलाय. आणि ही बघा, एकेक वस्तू आठवणीनं आणून...”

शर्वरी थांबली.

बाकावर डबा होता.

छत्री.

किल्ली.

खिडकी डब्यात चकाकत होती...

कट्. अक्कांनी आणखी एक शेंग फोडली. मागच्या गल्लीतले माग तेवढे बोलत होते.

“आणि तू ते सगळं घेतलंस,” अक्का म्हणाल्या. विचारलं नाही. म्हणाल्या.

“घेतलं.”

“हं.”

“दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलंसुद्धा. वैजयंताबाईंकडून शिका म्हणून.”

“आधीही सांगायचीस?”

“रोज.”

अक्कांनी टरफलं गोळा करून सुपात टाकली. त्यात घाई नव्हती.

शर्वरी उठली. “मी आत्ताच जाते तिच्याकडे. समजावून सांगते.”

“काय समजावशील?”

“हेच की... परीक्षा किती महत्त्वाची आहे. आयुष्य किती...”

“ते तिला ठाऊक नाही?”

प्रबंधात या जागी एक तक्ता होता.

“मग काय करू?”

“विरजण आण.”

“काय?”

“दह्याला विरजण. माझं संपलंय. तिच्याकडून मागून आण.”

“अक्का, मी काय विचारतेय आणि तुम्ही...”

“परीक्षेचं नाव काढायचं नाही. वर्गाचंही नाही. विरजण मागायचं आणि यायचं.”

शर्वरीनं चपलेत पाय घातला.

“बस,” अक्का म्हणाल्या.

ती बसली.

“दिवे लागू देत.”

शर्वरी त्यांच्याकडे बघत राहिली. तिन्हीसांज झाली की दूध, दही, मीठ घराबाहेर द्यायचं नाही, हे तर नाशिकलाही होतंच. शेजारची बाई चुकून त्या वेळी आलीच, तर आई दारातून म्हणायची, “सकाळी ने हं.” आणि सकाळी स्वतःच नेऊन द्यायची.

“दिवे लागल्यावर विरजण कोण देतं, अक्का?”

“मागून तर बघ.”

सोप्यातला उजेड भिंतीवरून हळूहळू खाली उतरला आणि गेला. अक्का गुडघ्यावर हात रेटून उठल्या, देवाजवळ निरांजन लावलं, बल्बचं बटण दाबलं. अक्कांच्या रात्रीच्या ताटात एकच वाटी होती, एकच भाकरी झाकलेली. शर्वरीच्या ओट्यावरही तसंच असायचं. तिनं नजर काढून घेतली.

समोरच्या घरात दिवा लागला. त्याच्या पलीकडच्या घरात लागला...

“जा आता.”

*

वैजयंताचं घर पुढच्या गल्लीत. दार उघडंच होतं. ती कांड्या भरत होती. मागाच्या धोट्यात बसतात त्या सुताच्या छोट्या कांड्या. मशीन गरगरत होतं, भोवती रंगीत कांड्यांचे ढीग, आणि मध्ये वैजयंता, केसांवर सुताची धूळ घेऊन.

शर्वरीला पाहिल्यावर तिनं मशीन बंद केलं. एकदम सगळं शांत झालं.

“बाई! तुमी?” ती उठली. आणि तिचा चेहरा मिटला. “मी येणारच हुते ओ सांगायला. सासूचं दुखणं निघालंय. कांड्यांची गडबड हाय. पोराची बारावी...”

कारणं ओळीनं तयार होती. शर्वरी ती सगळी ओळखत होती. प्रबंधात प्रत्येकाची टक्केवारी होती.

“मला विरजण हवं होतं,” ती म्हणाली.

वैजयंता पोराच्या बारावीवरच थांबली.

“काय?”

“विरजण. दह्याला.”

“आत्ता?”

“हो.”

“दिवे लागल्यावर?”

“हो.”

वैजयंता तिच्याकडे बघत राहिली. बापू चौगुलेनं नकाशात दिल्ली समुद्रात दाखवली होती, तेव्हा शर्वरी त्याच्याकडे अगदी असंच बघत राहिली होती.

“आईनं सांगितलं न्हाई व्हय तुमच्या? तिन्हीसांजंचं विरजण घराभाईर देत न्हाईत.”

“सांगितलंय.”

“मग?”

अक्कांना हवंय, असं सांगायचं होतं. तेच सांगायला ती आली होती.

“माझ्याकडे नाहीये,” शर्वरी म्हणाली.

“संपलं?”

“नव्हतंच कधी. दुकानातलं आणते, पिशवीतलं.”

“पिशवीतलं?” वैजयंताच्या आवाजात दुखवट्याला आल्यासारखी कळकळ होती. “लगीन होऊन किती झालं?”

“दिवाळीला वर्ष होईल.”

“आन एवढ्या दिसांत कुणाकडं वाटीभर विरजण मागितलं न्हाईसा?”

“कुणाकडे मागणार?”

ते जरा मोठ्यानं म्हटलं गेलं. मशीन चालू असतं तर त्यात बुडून गेलं असतं...

वैजयंतानं कांड्यांचा एक ढीग पायानं बाजूला सारला. स्टूल पुढं ओढलं. पदरानं पुसलं.

“बसा. च्या ठेवते.”

“नको नको” हे शब्द शर्वरीच्या ओठांवर नेहमीचेच उभे असायचे. कुणाकडेही, कधीही. या वेळी तिनं ते गिळले.

“ठेवा.”

चहा गोड होता, फार गोड. बशीत ओतून दोघी प्यायल्या. आत खोकल्याचा आवाज आला. सासूचं दुखणं खोटं नव्हतं तर. वैजयंता भिंतीकडे बघत बसली होती. शर्वरीला अक्कांनी सगळेच विषय बंद करून पाठवलं होतं, म्हणून तीही भिंतीकडेच बघत होती. भिंतीवर कांड्यांच्या रंगीत सावल्या नव्हत्या, काळ्याच होत्या. सावलीत सगळ्या सारख्याच.

“शेकडेवारी मला येत न्हाई,” वैजयंता भिंतीला म्हणाली.

शर्वरीनं बशीतला शेवटचा घोट घेतला.

“पयल्या दिवसापास्नं येत न्हाई. तुमी फळ्यावर मांडतासा तवर कळतंय. घरी आले की काय कळत न्हाई. सुनंदा झोपंतनं उठून इचारती, तिला लाज न्हाई. रसूलभाई तर भांडून इचारतोय.”

“मग तुम्ही...”

“कुठल्या तोंडानं इचारू? तुमी समद्यांफुडं मला हुशार म्हणालासा.”

चहाची बशी शर्वरीच्या हातात होती. खाली ठेवायला जागा होती, पण तिला ती दिसेना.

परीक्षेचं नाव काढायचं नव्हतं. वर्गाचंही नाही. तिच्याजवळ सांत्वनाची चांगली चांगली वाक्यं होती. सगळी परीक्षेत नाहीतर वर्गात संपत होती.

“मला दही लावता येत नाही,” ती शेवटी म्हणाली. “एकदा लावलं होतं. पाणी झालं.”

वैजयंतानं वळून पाहिलं. आणि हसली. पोटातून, आवाज करून. आत सासूनं विचारलं, “कोण आलंय गं?”

“मास्तरीण आलीया,” वैजयंता ओरडली. “दही येत न्हाई म्हणं तिला.”

“अगं बया,” आतून आवाज आला.

हसू ओसरलं. वैजयंतानं दोन्ही बशा उचलल्या.

“विरजण आत्ता न्हाई देत. उद्या देते.”

“सकाळी येऊ?”

“सकाळी कांड्या न्यायला माणूस येतोय. सासूला दवाखान्यात न्यायचंय.” तिनं मशीनकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. “सांच्याला मोकळी हाय मी. उद्या... उद्या वर्ग हाय न्हवं?”

शर्वरीचा हात पर्सकडे गेला. किल्ली पर्समध्ये नव्हती. किल्ली अक्कांच्या बाकावर होती.

“आहे,” ती म्हणाली.

“उघडाय तूच येणार न्हवं?”

तू. पंधरवड्यापूर्वी पाया पडायला वाकली होती ती हीच बाई.

या गावात परागखेरीज आणि अक्कांखेरीज तिला कुणीच तू म्हणत नव्हतं.

“मीच येणार,” शर्वरी म्हणाली.

“मग तिथं आणून देते. पर बसणार न्हाई हं. वाटी द्यायची आन यायचं.”

“बरं.”

“आन वाटी परत पायजे माजी. सासूच्या माहेरची हाय ती. हरवशील.”

“नाही हरवणार.”

मागं मशीन पुन्हा सुरू झालं, तेव्हा शर्वरी गल्लीच्या तोंडाशी पोचली होती. कांडीच्या मशीनचा आवाज मागाच्या आवाजापेक्षा वेगळा असतो, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं.

*

“मिळालं?” अक्कांनी विचारलं.

“नाही.”

“मग?”

“दिवे लागल्यावर देत नाहीत म्हणाली. उद्या वर्गाला आणून देते म्हणाली.”

पितळी डबा अक्कांनी उघडला होता. साखर काढून घेतली होती. आता त्यात त्या मूठमूठ शेंगदाणे भरत होत्या.

शर्वरीनं बाकावरची किल्ली उचलली. अक्कांनी डबा तिच्यापुढं सरकवला. छत्रीकडे दोघींनी पाहिलं. आभाळ कोरडं होतं.

शर्वरीनं छत्रीही उचलली.

*

दुसऱ्या दिवशी वर्ग भरला. रसूल उशिरा आला आणि पंखा कुणाच्या बाजूला फिरवायचा यावरून बापूशी भांडला. बापूनं हा आपला शेवटचा तास असल्याचं सांगितलं. सुनंदा झोपली.

दार रिकामं होतं.

शर्वरीनं फळ्यावर शेकडेवारीचं गणित मांडलं. एका कापडाचा भाव इतका होता, सवलत इतकी मिळाली. ती लिहीत होती आणि कानानं दाराकडे बघत होती. गेले कित्येक महिने घरी ती अशीच जिन्याकडे बघत होती...

“आत येऊ का?”

वैजयंता उंबऱ्यात उभी होती. हातात फडक्यात बांधलेली वाटी.

“या या, हुशारबाई!” रसूल म्हणाला. “आमच्या वाट्याची अक्कल बी घरी घिऊन बसलासा व्हय इतके दिवस?”

“तोंड आवरा, रसूलभाई. आन खिशातलं पेन बाईंचं हाय ते द्या आधी.”

“देणार न्हाई. दिलं तर शाई संपल्यावर मागाय कुणाकडं जाऊ?”

सगळे हसले. सुनंदा जागी झाली आणि काय झालं ते न कळताच हसली. तिच्या खांद्यावर शर्वरीची शाल होती.

वैजयंतानं वाटी टेबलावर ठेवली. फडकं सोडलं नाही.

“हलवू नगंस. येते मी.”

ती वळली. दारापर्यंत गेली. तिथं फळा समोरून दिसत होता. ती तो वाचत उभी राहिली... मग मागच्या बाकाच्या अगदी टोकाला टेकली. अर्धी बाकावर, अर्धी बाहेर, उठायच्या बेतात असल्यासारखी.

शर्वरीनं गणित पुढं चालवलं. तिच्याकडे पाहिलं नाही. नाव घेतलं नाही. कौतुकाचा एक शब्द जिभेवर आला होता, तो तिनं खडूबरोबर मुठीत दाबून धरला.

“बाई, ह्ये मला काय झेपंना,” रसूल म्हणाला. “शंभराला काढायचं, का एकाला? पुन्यांदा सांगा. नीट सांगा जरा.”

“अजून कुणाला नाही कळलं?” शर्वरीनं फळ्याकडे तोंड करूनच विचारलं.

पंखा फिरत होता...

“मला बी,” मागून आवाज आला.

शर्वरीनं फळा पुसला आणि पहिल्यापासून मांडलं. या वेळी तिचे आकडे जरा मोठे निघाले होते, पण ते कुणाच्या लक्षात आलं नसावं. सुनंदाच्या आलं. ती त्या दिवशी पुन्हा झोपली नाही.

वर्ग सुटला तेव्हा वैजयंता पूर्ण बाकावर बसलेली होती. जाताना दारातून ओरडली,

“वाटी!”

“आणते!” शर्वरीही ओरडली. आपला आवाज एवढा मोठा निघतो, हे तिला नवीन होतं.

*

ती तडक अक्कांकडे आली. वाटी दोन्ही हातांत धरून, पावलं जपून टाकत. दिवे लागायला अजून थोडा अवकाश होता.

“अक्का, तुमचं विरजण.”

अक्का पाटावर होत्या. शेंगांची रास कालच्यापेक्षा लहान झाली होती.

“मला कशाला?”

“तुमचं संपलं होतं ना?”

अक्कांनी पुढची शेंग उचलली. शर्वरीची नजर स्वयंपाकघरात गेली. फडताळात दह्याचं मातीचं भांडं होतं, वर ताटली, ताटलीवर पळी. काल संध्याकाळी ते तिथंच होतं की नव्हतं... असणार.

तिनं वाटीवरचं फडकं सोडलं. दही घट्ट होतं, वर सायीचा पातळ पापुद्रा. वाटी जुनी, काठाला पोचा आलेली. तळाशी नाव कोरलेलं असावं. बोटांना लागत होतं.

“मग मीच नेते घरी,” ती म्हणाली. “आज दूध विरजते. पराग आला की दाखवते. आणि वाटी उद्या चिंच लावून लख्ख घासते, तिची तिला देऊन टाकते. सासूच्या माहेरची आहे.”

अक्कांच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्यांनी मान वर केली, आणि त्या दोन दिवसांत पहिल्यांदाच शर्वरीकडे नीट पाहिलं.

“घासू नको,” त्या म्हणाल्या. “तिला दोनदा मागू दे.”